पाचवा प्रश्न

३ तारीख, सोमवार

नव्या खोलीतला पहिला दिवस. दुसरा मजला, एक खोली, एक मोरी, आणि खिडकी एवढी मोठी की सामानापेक्षा उजेडच जास्त. समोरच्या दारातले शिंपीकाका स्वतःहून गादी वर चढवायला आले. काकूंनी चहा दिला आणि कप रिकामा होईस्तोवर माझा सगळा इतिहास काढून घेतला. मुलगी सात वर्षांची, शाळेचं वर्ष संपेपर्यंत माझ्या ताईकडे, बसने चार तासांवर, असं कळल्यावर म्हणाल्या, आणा तिला लवकर, या जिन्यात दंगा करणारं कुणीच नाही.

नोकरी आरोग्य कार्यालयाच्या फोनखोलीत. सहा टेबलं, सहा फोन. एक नवा ताप आलाय. त्याच्या रुग्णांना रोज फोन करून चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची. अंग गळून गेलंय का, ताप किती, डोळे लाल आहेत का, पाण्याला गंजाची चव येते का. आमच्या मुख्य बाई पूर्वी नर्स होत्या. म्हणाल्या, आवाज हसरा ठेवा, बाकी आपोआप जमेल. हसरा आवाज मला जमतो. 

६ तारीख, गुरुवार

यादी चाळीसवरून साठवर गेली. शेजारच्या टेबलावर उंटराव बसतो. उंच, मान वाकवून बोलणारा, म्हणून ते नाव. हाक मारली की मुकाट ओ देतो. त्याने चारही प्रश्नांना चाल लावलीय, हसून पुरेवाट झाली. आजाराचा क्रम आता तोंडपाठ आहे. पहिल्या दिवशी थकवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, लाल डोळे, गंजाची चव. चौथ्या दिवशी माणूस लख्ख बरा. आज सतरा जणांपुढे 'बरा' लिहिलं आणि ताईपाशी फोनवर फुशारकी मारली. माझ्या चिमणीने पाढे म्हणून दाखवले. आठाच्या पाढ्यात अडखळली आणि फोन खराब आहे म्हणाली.

१० तारीख, सोमवार

बऱ्या झालेल्या त्या सतरा जणांना पुन्हा फोन लावले. तेरा घरांत आज फोन उचलला गेला नाही, किंवा दुसऱ्याच कुणी उचलला. एका घरची सून बोलली. सासूबाई बऱ्या झाल्या, अंगात नवं बळ आल्यासारख्या तीन दिवस हिंडल्या. भाच्या, पुतणे, जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना पोटाशी धरून आल्या. सातव्या दिवशी सकाळी घोट गिळता येईना. दुपारी गेल्या. सून हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होती. शेवटी म्हणाली, आज माझंही अंग फार गळून गेलंय हो.

मी वहीत तिच्या नावाचं पान उघडलं.

१२ तारीख, बुधवार

मुख्य बाईंनी फळ्यावर पाचवा प्रश्न लिहिला. कोणाला भेटावंसं वाटतंय का? डॉक्टरांचं म्हणणं, बरं वाटतं त्याच तीन दिवसांत हा विषाणू सगळ्यात जास्त पसरतो. डोक्यात काहीतरी करतो आणि आपल्या माणसांची ओढ लागते, कुलूप फोडून जाण्याइतकी. भेटायला येईल त्याला दार उघडू नका, असं आता सगळ्यांना सांगायचं. उंटरावाने या प्रश्नाला चाल लावली नाही.

एका आजोबांनी मलाच विचारलं, बाई, भेटावंसं वाटत नाही असा माणूस पाहिलाय का तुम्ही? मी 'होय' लिहिलं. त्यांच्या उत्तराच्या जागी.

१५ तारीख, शनिवार

एकशे चाळीस फोन. कान चेचल्यासारखा दुखतो. जेवताना घास हातात असतानाच डोळा लागला. काकूंना आज दुसऱ्यांदा बजावलं. त्या म्हणाल्या, आलेल्या माणसाला दारात उभं ठेवणं आमच्याच्याने व्हायचं नाही.

ताईचा फोन आला. फार थकलेय गं, म्हणाली. मी म्हटलं, मीसुद्धा.

१७ तारीख, सोमवार

उंटराव शनिवारपासून आला नव्हता. आज दुपारी आला, मान ताठ, चेहरा फुललेला. म्हणाला, तुम्हा सगळ्यांना भेटल्याशिवाय राहवेना. बाईंनी काचेचं दार आतून लावून घेतलं. तो काचेला तळहात टेकून एकेकाला हाक मारत राहिला. रुग्णांना नेणारी गाडी यायला वीस मिनिटं लागली. आम्ही त्याच्याकडे पाठ करून फोन लावत होतो. माझा आवाज हसरा होता.

१८ तारीख, मंगळवार, सकाळ

ताईचा फोन. आवाज खणखणीत. म्हणाली, आज इतकं ताजं वाटतंय, आणि तुझी अशी आठवण आली की निघालेच. दोघी बसमध्ये आहेत. चिमणी मलूल आहे, शेजारच्या बाईंनी तिला मांडीवर घेतलंय.

पाण्याचं विचारलं. परवा लागत होतं गंजासारखं, म्हणाली, आता नाही. उतर म्हटलं. हसली. फोन ठेवला.

मुख्य बाईंना कळवलं. बसची नोंद घेतली त्यांनी. गाडी संध्याकाळपर्यंत मिळणार नाही. मी खोलीतच थांबलेय.

शनिवारी मी तिला विचारलं नाही. दिवसभर परक्यांना विचारते आणि तिला—

दुपार

आल्या. कडी लावलीय. दाराला पाठ टेकून लिहितेय, हात रिकामा ठेवला तर तो कडीकडे जाईल.

ताई म्हणते, उघड गं, एकदा बघू दे तुला. रागावत नाही. पुन्हा तेच, तितक्याच मायेने.

चिमणीला फटीतून विचारलं.

"बाळा, डोळे चुरचुरतात का?"

"हो. आई, पाणी घाण लागतं. पण तहान लागलीय."

तिसरा दिवस असेल. किंवा दुसरा. बस म्हटलं मी, इथेच बस दाराशी. बसली. तिच्या श्वासाची ऊब फटीतून पायाला लागते.

समोरचं दार वाजलं. काकू.

ओरडले मी, आत जा, कडी लावा. त्या म्हणतात, पोर तापाने लाल झालीय आणि असं काय करता हो, चल बाळा आमच्याकडे. काका पण बाहेर आलेत. ताई त्यांच्याशी बोलतेय. जवळ जाऊन बोलतेय—

मी आत घेतलं नाही तर ते घेतील. मग बाजार. मग सगळा जिना.

वही खिडकीत ठेवते. बाई, या पत्त्यावर तीन रुग्ण लिहा. समोरच्यांना रोज फोन करा.

आधी चिमणी, मग ताई, मग पुन्हा कडी. काकू, हात लावू नका तिला, मी उघडतेय, काकू, मी