ताईचं काम

डोंबिवली, ९ जून २०२४

चि. श्रियास अनेक आशीर्वाद.

वि. वि., फोनवर तू घाईत असतेस, म्हणून सवयीने पत्रच लिहिते. सौमित्रने तुझ्या कंपनीत अर्ज केलाय. एवढी मोठी कंपनी, तिथे मुलाखतीच्या फेऱ्यांवर फेऱ्या असतात म्हणे. मागे एकीकडे तो बोर्डासमोर उभा राहिला आणि घाबरून गप्पच झाला. रविवारी त्याला तुझ्याकडे नौपाड्याला पाठवते. आईचं ऐकत नाही, पण मावसबहिणीला वचकून असतो. तुझी आई पथ्य पाळते ना? तिला म्हणावं, धाकट्या बहिणीचंही कधी ऐकावं.

तुझ्यावर भिस्त ठेवून असलेली,
वासंतीमावशी

ठाणे, १८ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस सा. न.

पेढे आणून ठेव, सौमित्र निवडला गेला. दर रविवारी मी खडूस साहेब व्हायचे आणि तो रुसून आईकडे थालीपीठ मागायला जायचा. शेवटच्या फेरीत अडला, पण मनात काय चाललंय ते बोलत राहिला. तेच त्यांना आवडलं. आमच्याच टीममध्ये जागा होती, मॅनेजरकडे मीच शब्द टाकला. आता ऑफिसभर मला ताई म्हणत फिरतो.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझी श्रिया

डोंबिवली, १५ डिसेंबर २०२४

चि. श्रियास आशीर्वाद.

तू हल्ली सौमित्रला रोज तुझं काम समजावतेस असं कळलं. शिकव हो, हातचं काही राखू नकोस. कल्याणच्या शिवानीचं स्थळ जमतंय. मंडळींना सौमित्रची नोकरी फार पसंत पडली.

तुझं भलं चिंतणारी,
मावशी

ठाणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस सा. न.

माझी नोकरी गेली. मॅनेजर म्हणाले, काम कुठेच अडणार नाही, सौमित्रला नोव्हेंबरातच सगळं शिकून घ्यायला सांगितलं होतं. मला काढायचं ठरलंय हे त्याला तेव्हापासून माहीत होतं. "ताई, हे परत एकदा सांग ना," असं तो म्हणायचा आणि मी कौतुकाने थांबायचे. आता माझा फोन उचलत नाही. मावशी, तू त्याला विचार. निदान तुला तरी यातलं माहीत नव्हतं ना?

श्रिया

डोंबिवली, ९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रियास आशीर्वाद.

खोटं लिहवत नाही. मला माहीत होतं. तो रडत घरी आला, तुला सांगायला निघाला होता. मीच अडवलं. बाहेर बोललास तर तुझीही नोकरी जाईल, असं मॅनेजरने त्याला बजावलेलं होतं. लग्न मोडलं असतं गं. तू हुशार, तुला कुठेही मिळेल. त्याला पुन्हा कोण घेणार? तेवीस तारखेला साखरपुडा आहे. मनात काही न ठेवता ये. ताईला, तुझ्या आईला, मात्र काही सांगू नकोस.

तुझीच मावशी

ठाणे, १६ फेब्रुवारी २०२५

सौ. वासंतीमावशी यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. नोव्हेंबरात कळलं असतं तर नोकरीत असतानाच दुसरी शोधता आली असती. आता प्रत्येक मुलाखतीत आधी विचारतात, का काढलं.

आईला सांगितलेलं नाही. तिने शिवानीसाठी पैठणी घेतली आहे. साखरपुड्याला ती तुमच्या शेजारी बसेल आणि सौमित्रला आमच्या श्रियाने नोकरीला लावलं असं येईल त्याला सांगेल. तेव्हा तुम्ही हो म्हणा.

मी येणार नाही.

श्रिया