आपोआप उघडणारं फाटक

४ फेब्रुवारी
सोसायटीच्या फाटकाला ऑटोमॅटिक बॅरिअर बसवायचं ठरलं. देखरेख माझ्याकडे. मी हात वर केला नव्हता, चष्मा पुसत होतो. पण माणूस बघून कळतं लोकांना. मुलीचे दिवस भरत आले आहेत, जावई परगावी. हॉस्पिटलात मीच नेणार. गाडी फाटकाशी येताच दांडा सलाम केल्यासारखा वर जाईल. चित्र डोळ्यांपुढे आहे.

६ फेब्रुवारी
फिटर आला. म्हणाला, काका, चालणाऱ्यांसाठी बाजूने वाट सोडा, दांड्याखालून कुणी जाता कामा नये. म्हटलं, लोकांना शिस्त लागेल. ही म्हणाली, अहो, लोक दूध आणायला गाडीत बसून जाणार का? वाटेचा निर्णय राखून ठेवला. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी नाकारली. वीज जाते कुठे हल्ली?
जेवताना तीनदा उठून खिडकीतून खांबासाठी खणलेला खड्डा पाहिला.

९ फेब्रुवारी
दांडा बसला. लाल-पांढरा. फिटर म्हणाला, सेन्सर जोडायचा आहे, खाली उभे राहू नका. राहिलो. कुणीतरी राहायला हवं. सेन्सर नसला की दांडा थांबत नाही, हे सिद्ध झालं. टेंगूळ मध्यम. वॉचमन म्हणाला, साहेब, हेल्मेट घालत जा. मुलगी हसून हसून खाली बसली. तिला या दिवसांत हसवू नका, असं हिने मलाच सुनावलं. जसं काही मी मुद्दाम केलं.

१० फेब्रुवारी
सेन्सर जोडला. दांड्याखाली खोकं ठेवलं, खुर्ची ठेवली. दर वेळी दांडा थांबून वर गेला. मी पुन्हा उभं राहायची तयारी दाखवली. फिटर म्हणाला, काका, खुर्ची पुरे.
वाट सोडावी लागली, नाहीतर तो काम ताब्यात देईना. एक माणूस जाईल एवढी. महिनाअखेर बुजवीन.
वीज गेली तर दांड्याच्या खांबावरची पेटी उघडून आतलं हॅन्डल फिरवायचं. पेटीला किल्ल्या दोन. एक वॉचमनला द्या, म्हणाला. वॉचमनला स्वतःची छत्री सांभाळता येत नाही. दोन्ही मीच ठेवल्या, एकाच रिंगमध्ये. एक हरवली तर दुसरी जवळच असावी.

१३ फेब्रुवारी
किल्ल्या आधी खिशात. मग ड्रॉवरमध्ये. मग जुन्या किटलीत. कुठेच मन स्वस्थ नाही. मुलगी म्हणाली, बाबा, बाळ मला व्हायचंय, येरझाऱ्या तुम्ही घालताय.

१५ फेब्रुवारी
सुचलं! हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. किल्ल्या तिच्यात, बाळाच्या मोज्यात. पिशवी निघेल तेव्हा मीही निघेन. किल्ली ऐन वेळी फाटकाशी हजर. कुणाला सांगितलं नाही. सुरक्षा म्हणजे गुप्तता.
स्वस्थ वाटलं. जवळजवळ.

१८ फेब्रुवारी, दुपार
गाडीत बसून लिहितो आहे. वीज गेली. त्याच सुमारास मुलीला कळा सुरू झाल्या. दोन्हींचा संबंध नाही. गाडी फाटकाशी आणली. दांडा खाली. वॉचमन म्हणाला, साहेब, किल्ली? मी दोघींना सांगितलं, बसून राहा, आलोच. वर धावलो. खिसे, ड्रॉवर, किटली. खाली आलो तर गाडी रिकामी. वॉचमन म्हणाला, ताई आणि बाईसाहेब बाजूच्या वाटेने चालत गेल्या, लगेच टॅक्सी मिळाली. पिशवी? पिशवी घेऊनच गेल्या.
तेव्हा आठवलं.
हिला फोन केला, मोज्यात बघ. ही म्हणाली, पोरगी इथे कळा देतेय आणि तुम्हाला मोजे सुचतात? फोन ठेवून दिला.
चालत मीही गेलो असतो. पण मागे गाड्यांची रांग लागली आहे, सगळे हॉर्न वाजवताहेत. माझी गाडी सगळ्यांत पुढे. जबाबदार माणसाला जागा सोडता येत नाही. वीज येईलच.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
नात झाली. दोघी सुखरूप. वीज त्यानंतर आली.

१९ फेब्रुवारी
मीटिंग. बॅटरी येईपर्यंत दांडा काढून ठेवायचा. देखरेख तळमजल्यावरच्या डेंटिस्टकडे. त्यांनी हात वर केला होता. बाजूची वाट सगळ्यांना आवडली. ती माझ्याच कारकिर्दीत झाली, याची नोंद कुणी घेतली नाही.

२२ फेब्रुवारी
मुलगी आणि नात घरी. टॅक्सीनेच आल्या. फाटक उघडंच होतं.
दांडा ठेवायला जागा नव्हती म्हणून आमच्याकडे आला आहे. हिने तो दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा टाकला, गॅलरीच्या दारात. त्यावर लंगोट वाळत आहेत. मोजेही. किल्ल्या हिने टेबलावर ठेवल्या. दांड्याचा माल उत्तम आहे, ओल्या कपड्यांनी जराही वाकत नाही.
दुपारी मुलगी नातीला उन्हात न्यायला निघाली. म्हणाली, बाबा, जरा वर धरा ना, जाऊ दे आम्हाला.
दोन्ही हातांनी दांडा डोक्यावर धरला. कपड्यांसकट. त्या खालून गेल्या. नीट लांब गेल्याची खात्री करून मगच सावकाश खाली आणला.
हालचाल गुळगुळीत. आवाज नाही.