चार नंबरची घंटा

३ मार्च
लागली बाई नोकरी एकदाची! बुटीबोरीच्या बाहेर मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे. आत पाय ठेवत नाही तोच शिंका सुरू. मी शिंकून राहिली अन् गेटवरचे लोक हसून राहिले. संघपाल इथं आधीपासून कॉम्प्रेसर पाहते, त्यामुळं सकाळी नागपूरच्या नंदनवनहून दोघं एकाच गाडीवर. लग्न नवंच, मग काय, नवऱ्यावर पहारा ठेवाले आली म्हणून दिवसभर चिडवलं मले. म्हटलं, हो, ठेवतेच.

काम असं. प्रत्येक थंड खोलीच्या दाराशी एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवला आहे. थंडी, दाराचं कुलूप अन् आतली घंटा तोच सांभाळते. आत कोणी अडकला तर त्यानं दाबाची ती घंटा, म्हणजे बाहेर भोंगा वाजते. चार नंबरचा बोर्ड उगीचच घंटा वाजवते, अन् बनवणारी कंपनी केव्हाचीच बंद पडली. मालक म्हणाले, लॅपटॉप जोडून पाहा त्याच्या पोटात काय आहे.

४ मार्च
बोर्डाले बोलतं केलं आज. सिरियल वायर जोडताना एकाचं तोंड, म्हणजे पाठवाची वायर, दुसऱ्याच्या कानाले लावाचं असते. मी घाईत तोंडाले तोंड लावलं, मग स्क्रीन ढिम्म. वायरी उलट केल्या तर नुसते चौकोन अन् वेडीवाकडी चिन्हं. म्हणजे बोलण्याचा स्पीड चुकला. टर्मिनलमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर बोर्डाचं बोलणं दिसते त्या खिडकीत, एकेक स्पीड लावून पाहिला अन् ९६०० वर अक्षरं सरळ झाली. इंग्रजीच, पण वाचता येणारी: थंडी चार. दार बंद. घंटा दाबली.

दार उघडून पाहिलं. मिरचीची पोती, बाकी कोणी नाही.

ही रोजनिशीही टर्मिनलच्या बाजूलेच उघडी ठेवते. बोटं रिकामी राहिली की मले करमत नाही.

एक गंमत पाहिली. खोली बंद करताना हमालांचे मुकादम रुपरावकाका दारात उभे राहून आत हाक देतात, कोणी आहे का म्हणून. उत्तर आलं नाही की मगच दार लावतात. चार नंबर मात्र मुकाट्यानं लावतात. काहून, विचारलं. म्हणाले, तिथं हाक दिली की उत्तर येते. मागं एका हमालाले बायकोच्या आवाजात आलं, अन् बायको तर माहेरी होती. तो आत गेला. सगळी पोती उपसली, सापडला नाही. मी म्हटलं, बायकोले कंटाळून पळाला असन. काका हसले नाही.

६ मार्च
घंटेची वायर कापून टाकली. तरी स्क्रीनवर तेच, घंटा दाबली. ज्या घंटेले वायरच नाही, ती दाबते कोण?

जेवताना संघपाल भडकला. म्हणे, घंटा तोडाची नसते, उद्या आत खरंच कोणी अडकला तर? मी म्हटलं, इंजिनिअर मी आहे का तू? तो खाली मान घालून जेवला. मले वाईट वाटलं, पण माघार घेईन तर मी मेघा कशाची.

८ मार्च
आज स्क्रीनवर माझं नाव आलं. आपण टाइप केलेलंच कधीकधी टर्मिनल परत दाखवते, तसंच असन म्हटलं. पण मी काही टाइप केलंच नव्हतं. हात मांडीवर होते. माझ्याकडून जाणारी वायर काढली. पुन्हा आलं. मेघा.

मी भेली. मालकाले सांगितलं. नवा बोर्ड मागवतो म्हणाले. तोवर भोंगा बंद करून ठेवला, घंटा दाबली तरी आवाज होऊ नये म्हणून. लोकांचे कान तरी सुटले.

९ मार्च, सकाळ
संघपालचा रुसवा गेला नाही अजून. गाडी शेडमध्ये लावली अन् तसाच निघून गेला.
घंटा दाबली. घंटा दाबली. सारखं तेच चालू आहे.
लॅपटॉपची वायर परत जोडून टाइप केलं, गप बस.

९ मार्च, दुपार
संघपाल जेवाले आला नाही. फोन लागत नाही. गाडी शेडमध्येच आहे.
स्क्रीनवर घंटा. पण घंटेची वायर मी कापली, म्हणजे दाबणारा तो नाही. तो नसनच.

रुपरावकाका आले. त्यांचा चेहरा— सकाळी संघपाल पक्कड घेऊन चार नंबरात गेला होता. घंटेची वायर जोडाले. काकाले वाटलं, तो बाहेर निघाला. दार लावलं. हाक न देता.

सकाळपासूनच्या या घंटा— त्यातल्या किती त्याच्या? मी गप बस म्हटलं, देवा, मी त्याले गप बस म्हटलं—

थोड्या वेळानं
कुलूप सुटत नाही. आतून उघडाची कडी आधीपासूनच तुटकी. लोकं लोखंडी सब्बल घालून राहिले, दार हलत नाही. बोर्डाले उघड म्हणून हुकूम दिला. उत्तर आलं: आधी हाक दे.
काका पाया पडून राहिले, नको म्हणून. बोटं थांबली तर मी ओरडीन, म्हणून लिहून राहिली.
घंटा थांबली आता. थांबली.

दिली हाक. संघपाल, आहेस का रे आत?

आलं उत्तर. त्याचाच आवाज. "हो मेघा, लय थंडी वाजून राहिली."

कुलूप सुटलं. काकानं दार ओढलं—
दिसला. जिवंत आहे. ओठ निळे, पोत्याले धरून उभा—

त्याच्या मागं— तोही संघपाल. तेच स्वेटर. तीच पक्कड—

दार आपोआप लागून राहिलं. काका खांदा लावून उभे. म्हणतात, "एकालेच ओढता येईन, पोरी. कोणता तुझा?"

दोघांनीही हात पुढं— दोघंही रडून—

मेघा, मी—
मेघा, मी—

मी एकाचा हात धर—