आचलचं स्थळ

६ जानेवारी २०१३, रविवार, घरी

नकार. परत!

चांदूर बाजारच्या स्थळाचा निरोप आला. मुलीचे मामा फोनवर बाबांना म्हणाले, "पोरगा निर्व्यसनी हाय, दिसाले चांगला हाय, जमीन काळी हाय, विहिरीले पाणी हाय. पन शेती करते नं तो!"

अहो, मग काळ्या जमिनीचं कौतुक कशाला? ती काय आपोआप पिकते? आणि वर म्हणे, "अमरावतीले चपराशी असता तरी देल्ली असती."

शिवमदादा जेवत होता. ताटावरून उठला नाही. शांतपणे पूर्ण जेवला. त्याचाच मला जास्त राग आला. तीस वर्षांचा झाला माझा भाऊ. संत्र्याची झाडं पोरांसारखी जपतो. आणि गावोगावचे मामे त्याला नापास करत सुटलेत!

बस झालं. अमरावतीला गेले की कामाला लागते. क्लासमध्ये पोरांना टायपिंग आणि एक्सेल शिकवते, मग एक वेबसाइट नाही का शिकून बनवता येणार? लग्न जुळवण्याची. आणि तिच्यात शेती करणारा मुलगा सर्वांत वर दिसेल. माझी वेबसाइट, माझे नियम!

९ जानेवारी

साइटचं नाव घेतलं, होस्टिंग घेतलं. एक वर्षासाठी भाड्यानं. बाबांना फोनवर सांगितलं की वेबसाइट ठेवायला जागा भाड्यानं घेतलीय.

"कुठी हाय जागा?"

"अमेरिकेत आहे बहुतेक."

"पाहिली काय तू?"

"नाही बाबा, ती तशी पाहायची नसते."

"जागा पाहिल्याबिगर भाडं देल्लं? या जानरावच्या पोट्टीनं?"

आता यांना काय सांगू! आईनं मागून विचारलं की या साइटला मराठीत काय म्हणतात. संकेतस्थळ, म्हटलं. "बरं, स्थळ," आई म्हणाली. पुढचं तिनं ऐकलंच नाही.

१२ जानेवारी

चार दिवस घातले! माझ्या कॉम्प्युटरवर पान झकास दिसतं, तिथे चढवलं की गायब. आधी कळलं की फाइल ठरलेल्या एका फोल्डरमध्येच ठेवावी लागते, बाहेर ठेवली तर जगाला दिसत नाही. ठेवली. तरी दिसेना! का? तर पहिल्या पानाच्या फाइलचं नाव 'इंडेक्स', त्याचं पहिलं अक्षर मी कॅपिटल टाकलं होतं. इथे चालतं, तिथल्या सर्व्हरला चालत नाही. तो म्हणतो, ही फाइल मी ओळखत नाही.

पूर्ण वेबसाइट समोर ठेवलीय आणि हा एका अक्षरावरून नाकारतोय. अगदी चांदूर बाजारचा मामा!

१८ जानेवारी

फॉर्म तयार झाला. नाव, गाव, शिक्षण, व्यवसाय, अपेक्षा. पहिली नोंद अर्थातच दादाची केली. सेव्ह केलं, यादी उघडली आणि काय दिसावं?

????

माझ्या भावाचं नाव चार प्रश्नचिन्हं! आमचं मोर्शी प्रश्नचिन्हं. शेती प्रश्नचिन्हं. मराठीतलं सगळंच प्रश्नचिन्हं!

होस्टिंगवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पुण्याकडचा मुलगा होता, आवाज मधाळ. "मॅडम, तुम्ही इंग्लिशमध्येच करा ना. मराठीत कोण भरणार?" मी म्हटलं, आमच्याकडचे भरणार. तर विचारतो, "तुमच्याकडचे म्हणजे?" मी फोन आपटला. आपटल्यावर आठवलं की उत्तर मिळालंच नाही.

२१ जानेवारी

शिवम दिसला! शिवम, मोर्शी, शेती, सगळं स्वच्छ मराठीत!

मराठी साठवायचं हे डेटाबेसमध्ये टेबल बनवताना सांगावं लागतं, आणि त्याच्याशी बोलणं सुरू करतानाही परत सांगावं लागतं. मी दोन्हीकडे गप्प होते. जुनी नोंद मात्र परत आली नाही, एकदा प्रश्नचिन्ह झालं की झालं. पुसून नव्यानं भरली.

एकटीच खोलीत नाचले. घरमालकीण मैनाबाईंनी खालून ओरडून विचारलं, पास झाली काय व?

२७ जानेवारी, रविवार, घरी

आईच्या हळदीकुंकवाला आले आणि तोंडघशी पडले.

आई आल्या-गेल्या बाईला वाणाची वाटी देता देता अभिमानानं सांगत होती, "आमच्या आचलचं स्थळ सुरू झालं. लय मेहनत घेतली बाप्पा तिनं." बायकांचे डोळे एवढे मोठे झाले! शेजारच्या पार्बताबाईंनी माझी हनुवटी धरली. "कावून व, सांगतलं बी नाई! कुठचा हाय?"

मी म्हटलं, "अमेरिकेतला."

माझ्या डोक्यात सर्व्हर होता हो! झालं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीत मी अमेरिकेला चालले होते. मग घरोघर जाऊन खुलासा करत बसले की लग्नाचं काही नाही, कॉम्प्युटरचं स्थळ आहे. पार्बताबाई म्हणाल्या, "म्हंजे अजून जमलं नाई. पाहून राहिली म्हन नं सरळ!"

आईवर इतकी चिडले की तिळगूळही खाल्ला नाही. दादा मात्र पोट धरून हसला. किती महिन्यांनी.

३ फेब्रुवारी

नोंदी यायला लागल्यात. आनंद व्हायला हवा ना? रक्त उसळतंय.

शेती करणारी मुलं स्वतःच शेती लिहीत नाहीत! एकानं व्यवसायात लिहिलं, "नोकरी (लागण्याच्या मार्गावर)". एकानं "बिझनेस", खाली फोटो बैलांबरोबर. परतवाड्याहून एक जीप चालवणारा, त्यानं लिहिलंय "ट्रॅव्हल्स".

आणि मुलींचे बाप! अकोल्याहून एकाचा फोन: "बेटा, मुलगा नोकरीवाला पाह्यजे, पन घरी दहा एकर तरी पाह्यजे." मी विचारलं, मग ते दहा एकर करायचं कोणी? "ते पाहून घेतील थे लोक." कोण लोक? आणि मग शेवटी: "तुमच्या त्या फॉर्मात 'शेतकरी नको' असा एक चौकोन टाका नं. टिक करता येते. सोपं होईल सगळ्याइले."

नाही टाकणार! सर्व्हर जळाला तरी टाकणार नाही. लाज नाही वाटत? ज्याच्या घामाचं खातात त्याच्या ताटात स्वतःची मुलगी जेवायला नको! मी त्यांना हे सगळं तोंडावर म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. बरं झालं.

१० फेब्रुवारी

दादासाठी एकही विचारणा नाही. त्याचं नाव सर्वांत वर ठेवलंय तरी नाही.

फोनवर त्याला म्हटलं, व्यवसायात 'फळबाग उद्योजक' लिहू का? तो म्हणाला, "शेती लिव. उद्या आलेल्या पोरीले उद्योग दाखवू कुठी?"

मग म्हणाला, "तू नको जीव जाळू व. झालं तं झालं, नाई तं नाई." मला रडू आलं. मी ते फोनवर दाखवलं नाही, उलट त्याच्यावरच खेकसले.

१७ फेब्रुवारी, रथसप्तमी, घरी

घरात पाऊल टाकलं तर पाहुणे! शेंदूरजनाघाटचे पंजाबराव, त्यांची बायको आणि मुलगा. माझ्यासाठी!

पार्बताबाई. त्यांनीच तिकडे सांगितलं की जानरावची आचल स्थळं पाहून राहिली. मी तर वेबसाइटवरची स्थळं पाहत होते ना! आईनं मला आधी कळवलंसुद्धा नाही. कळवलं असतं तर मी आले नसते, म्हणून.

रागानं मी पोह्यांची बशी जरा आपटूनच ठेवली. मुलगा हसला नाही, घाबरलाही नाही. कृषीची पदवी घेतलेला. तीन वर्षांपासून वडिलांची संत्र्याची बाग पाहतो. येण्याआधी त्यानं माझी साइट बघितली होती, नोंदही केली होती. रात्री उघडून पाहिली. व्यवसाय: शेती. खाली अपेक्षांच्या जागी: "पुढेही शेतीच करणार आहे, हे आधीच सांगितलेलं बरं." अख्ख्या यादीत असं दुसरं कोणी लिहिलेलं नाही.

जाताना मला म्हणाला, "तुमचं काम तिकून बी होईल. इंटरनेट हाय आमच्याकडे. बंद नका करू, चांगलं काम हाय."

१८ फेब्रुवारी

बसला निघायची वेळ झाली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते फक्त. बाबा चपला घालून उगाच अंगणात फिरत होते. आई म्हणाली, "माणसं चांगली वाटली."

मी तिलाच झापलं. गैरसमजातून आलेलं स्थळ आहे, हे काय बरोबर आहे का, मला विचारायला नको का! खूप बोलले. बोलताना कळत होतं की मी भलत्याच गोष्टीवर भांडतेय.

दादानं बसस्टँडवर सोडलं.

१९ फेब्रुवारी

मुलगा खरंच चांगला आहे. हे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

२० फेब्रुवारी

क्लास, मग खोली. गॅलरीतून खालचा रस्ता दिसतो, चहाची गाडी, पोरी स्कूटीवर. मैनाबाई म्हणतात मी दोन दिवस कोणाशी धड बोलत नाहीये. आई पहाटे उठून गोठा, चूल, शेत, परत चूल... तिचे हात आठवतात. कोणी मला त्यावरून काही म्हणू नये! मला अधिकार नाही का?

२२ फेब्रुवारी

दादाचा फोन. "पंजाबराव विचारून राहिले. काय सांगू?"

नाही सांग, म्हटलं.

कावून, असं त्यानं विचारलंच नाही.