जंगल कुणाच्या घरचं नाही

जळगाव,
४ जानेवारी १९८८

सौ. विहीणबाई मंदाबाई यांस,
प्रमिलाबाईचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही मंडळी धुळ्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. सुखरूप पोचलात, पण आमच्या दारातून उपाशी गेलात, हे मी विसरलेली नाही. दुपारभर आमच्या झोपाळ्यावर बसलात आणि पाणी प्यायलात ते पिशवीतून आणलेल्या धुळ्याच्या बाटलीतलं! जळगावात मेहरूणचा एवढा मोठा तलाव काय शोभेला आहे? मग जेवायला गेलात तुमच्या लिलाबाई मावशींकडे.

रीत मला ठाऊक आहे. लेकीला मूल होईपर्यंत माहेरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या घरचं खाऊ-पिऊ नये. माझेही आईवडील पाळत, पण मला वर्षाच्या आत मुलगा झाला आणि त्यांची सुटका झाली. ज्योत्स्नाच्या लग्नाला आता चौथं वर्ष लागलं. तुम्ही गेल्यावर तिनं शेवभाजीचं पातेलं झाकलं आणि ओटा पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली. मी सासू असले तरी मला डोळे आहेत.

यावर आमच्या ह्यांनी तोड काढली आहे. ह्यांची हयात रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेली, त्यामुळे कोणाची हद्द कुठे संपते ते त्यांना बरोबर कळतं. ते म्हणतात, पालचं जंगल सरकारचं. ते ना तुमचं घर, ना आमचं. सव्वीस जानेवारीला तिथल्या विश्रामगृहावर जाऊ, ज्योत्स्ना तिथे रांधेल आणि विहीणबाई पोटभर जेवतील. कोणाची हरकत असेल तर त्यानं सरकारकडे अर्ज करावा.

उत्तर लवकर धाडा. बाटली आणलीत तरी चालेल, माया तेवढी पातळ होऊ देऊ नका.

आपली,
प्रमिलाबाई


धुळे,
९ जानेवारी १९८८

सौ. विहीणबाई प्रमिलाबाई यांस,
मंदाबाईचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एकदा हसत वाचलं आणि एकदा डोळे पुसत. मग आमच्या सासूबाईंपुढे, म्हणजे अक्कांपुढे ठेवलं. त्यांनी दोन दिवस मिश्री लावत विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कुठली वस्तू कोणाची याची माझी उलटतपासणी घेतली. जंगल सरकारनं शे ते ठीक, पन पीठ कोनं? तेल कोनं? तवा कोना?

निकाल असा लागला. ज्योत्स्नाचा हात आपल्याच घरचा, तेव्हा हाताला दोष नाही. जंगलालाही दोष नाही. पण जळगावचा एक दाणा ताटात येता कामा नये. तेव्हा पीठ, तेल, वांगी, परात, तवा, सगळं आम्ही इथून आणू. काडेपेटीसुद्धा. आणि अक्का जातीनं देखरेखीला येणार आहेत.

हे विचारतात, आपण जंगल बघायला चाललोय की बिऱ्हाड हलवायला? त्यांनी कचेरीतल्या कोणाची तरी दुर्बीण मागून आणली आहे. सध्या गच्चीवरून सराव चालू असतो. समोरच्या प्रमोद वकिलांनी त्यांच्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या.

मनातलं एक सांगते. मी हटवादी नाही हो. पण मी रीत मोडून जेवले आणि पुढे पोरीला मूल झालंच नाही, तर लोक बोट त्या घासाकडे दाखवतील, आणि मीही दाखवीन. ही भीती तुमच्याशिवाय कोणाला सांगितली नाही. ती तुमच्यापाशी ठेवा, आणि आमच्यावरचा लोभही.

आपली,
मंदाबाई


जळगाव,
१५ जानेवारी १९८८

ती. सौ. आईस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न.

तुझं पत्र सासूबाईंनी वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद मात्र मनात वाचला आणि घडी घातली. पीठ-तेल त्यांनी सोसलं. पण धुळ्याहून वांगी येणार म्हटल्यावर त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, भरताचं वांगं ते बामणोदचं. विहिणीला दुसरं घातलं तर मी जळगावात तोंड दाखवू कशी? शेवटी मामंजींनी, म्हणजे नानांनी, तडजोड केली. त्यांचे स्नेही चंपालालजी बामणोदहून वांगी परस्पर पालला पोचवतील. ती आमचा उंबरठा बघणारसुद्धा नाहीत, असं अक्काला सांग.

आई, मला या सगळ्याचं हसू येतं आणि मग येत नाही. तू बाटली काढलीस की शेजारच्या बायका माझ्या पोटाकडे बघतात. सासूबाई नाही बघत, त्या उठून दार लोटून घेतात. मला एकदाच तुझ्या ताटात वाढायचं आहे. तू नेहमीसारखं मीठ कमी आहे म्हणायचंस आणि मी नेहमीसारखं रागवायचं. बास. जंगलात बघायला कोणी नसेल.

बाबांना म्हणावं दुर्बीण पतंगांवर लावा. तुझ्या मायेतला माझा वाटा राखून ठेव.

तुझी,
ज्योत्स्ना


धुळे,
२९ जानेवारी १९८८

सौ. विहीणबाई प्रमिलाबाई यांस,
मंदाबाईचा सा. न. वि. वि.

तुमचा पाय कसा आहे? ऐन निघायच्या सकाळी तो मुरगळावा ना! आम्ही जीप घेऊन दारात आलो, तर तुम्ही खाटेवर आणि घोट्याला ही जाड पट्टी. तुम्ही आला नाहीत म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पुरुषांनी सांगितलं असेल त्यात निम्मी दुर्बीणच असणार.

जंगल फार देखणं. सागाची वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. पण त्या पानांपायीच नाक्यावरच्या रखवालदारानं बजावलं की उघड्यावर चूल पेटवायची नाही, रांधायचं तर विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात. आणि त्याची किल्ली घेऊन खानसामा झेंडावंदनाला गेलेला, तो परतलाच नव्हता. मला वाटलं नाना भांडतील. त्यांनी उलट रखवालदाराशी हात मिळवला. म्हणाले, असा कडक माणूस आमच्या खात्यात हवा होता.

खानसामा येईस्तोवर मी व्हरांड्यात पीठ मळून ठेवलं. वांग्यांपाशी अक्का काठी घेऊन बसल्या. एवढ्यात हे ओरडले की झाडावर गरुड दिसला. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं, आणि मागच्या झाडावरून वानरं खाली उतरली. परात पालथी, पीठ मातीत. पोटाशी पिल्लू धरलेली एक वानरीण तर अक्कांच्या काठीखालून वांगी घेऊन गेली. यांचा गरुड नंतर घार निघाली.

ऊन कलायला लागलं, खानसाम्याचा पत्ता नाही. उरला होता फक्त नानांचा डबा. त्यांना वेळेवर खावं लागतं, म्हणून तुम्ही सोबत दिलेला. नानांनी तो उघडला. एका कप्प्यात कळण्याच्या पुऱ्या, एकात भरीत, एकात ठेचा, एकात गूळ. एका माणसासाठी! सगळे अक्कांकडे बघायला लागले. ज्योत्स्नानं गुपचूप झाकण लावलं. समोर ती वानरीण आपलं वांगं खात होती. ज्योत्स्ना हसून म्हणाली की तिचं बरं आहे, तिला मूल झालंय, तिला कुठलंही चालतं.

कोणीच हसलं नाही, विहीणबाई.

अक्का बराच वेळ काठीनं पानं उकरत होत्या. मग त्यांनी आम्हाला कधी न सांगितलेलं सांगितलं. ह्यांचा जन्म अक्कांच्या लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. त्याआधीच अक्कांची आई गेली. दर खेपेला लेकीच्या अंगणात बसून, पदरातले फुटाणे खाऊन ती परत जायची. तिनं एवढं पाळलं, ते फुकट जाऊ नये म्हणून आजवर अक्का पाळत आल्या. मग ज्योत्स्नापुढे हात पसरून, सगळा दोष आपल्या माथी घेत म्हणाल्या, मन्ही माय भुकीच गई. वाढ पोरी. बोल लागना ते मना डोकावर.

सागाच्या पानावर ज्योत्स्नानं आधी अक्कांना वाढलं, मग मला. मी पहिला घास घेतला. ती समोर बसून वाट बघत होती, म्हणून म्हटलं की मीठ कमी आहे. ती अशी रागावली, अशी रागावली की रडायलाच लागली. मीठ अगदी बरोबर होतं.

आता एक विचारू का? ज्योत्स्ना निघताना माझ्या कानात म्हणाली की नानांच्या डब्यासाठी सासूबाईंनी पहाटे टोपलीभर वांगी भाजायला लावली. आणि नाना सांगत होते की तुमची पट्टी पहाटे डाव्या पायाला होती, आणि आम्ही आलो तेव्हा उजव्या. तेव्हा नक्की कुठल्या पायाची चौकशी करू ते कळवा. दोन्हींना माझा नमस्कार.

आपलीच,
मंदाबाई


जळगाव,
३ फेब्रुवारी १९८८

सौ. विहीणबाई मंदाबाई यांस,
प्रमिलाबाईचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

दोन्ही पाय ठीक आहेत. त्याविषयी जास्त विचारू नये. मायलेकी जेवत असताना मध्ये सासूनं बसू नये, एवढं मला न शिकवता कळतं.

तुमची पाण्याची बाटली जंगलात विसरली होती, ती नानांनी आणली. मी ज्योत्स्नाला म्हटलं, घासून ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धुळ्याला धाडू. सकाळी बघते तर तिनं त्यात मनीप्लांटची फांदी खोचून बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली. तिला मुळं फुटेपर्यंत हलवता येणार नाही म्हणते. मी कोण हलवणारी?

तेव्हा होळीला याल तेव्हा जवळ बाटली नसेल, आमच्या माठातलंच पाणी प्यावं लागेल. अक्कांनाही आणा. त्यांच्यासाठी भरतात मीठ बरोबर घालू, तुमच्यासाठी मात्र मुद्दाम कमी.

वाट बघणारी,
प्रमिलाबाई