काळं वर, वाळू खाली

मंगळवार, ९ जानेवारी २०२४

चीनचा माल येत नाही! मुंबईच्या व्यापाऱ्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं – तिकडच्या सरकारनं ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केलाय, तो कधी मिळेल देव जाणे. उचगावच्या आमच्या शेडमध्ये अकरा पोती शिल्लक. त्यातून फौंड्रीवाल्यांना साच्यांचं कोटिंग तीन आठवडे पुरेल, तेही ओढूनताणून. वाळूच्या साच्याला आतून हे काळं मारलं नाही तर लोखंडाचा रस वाळूला चिकटतो. म्हणजे आमच्यावाचून त्यांचं अडणार, चीनवाचून आमचं. बीएस्सीला केमिस्ट्री घेतली तेव्हा माझी नोकरी कुठल्या बीजिंगच्या कागदावर लटकेल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, १२ जानेवारी

ओडिशातल्या एका खाणीचा माल मिळतोय. जाळल्यावर राख जास्त उरते, म्हणजे भेसळ जास्त, पण मिळतोय. मालक बाळासोकाका म्हणाले, मागव.

शनिवार, २० जानेवारी

पोती आली. मल्लव्वाक्का आमच्याकडे वीस वर्षं पावडर चाळतात. संकेश्वरकडच्या; बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. चिमूटभर बोटांत चोळून म्हणाल्या, "ह्यात वाळू हाय." मी खाणीचा रिपोर्ट पुढे केला – त्यावर सगळं ठीक. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

बुधवार, २४ जानेवारी

फजिती! शिरोलीत ऋतुराजच्या फौंड्रीत नवं कोटिंग लावून बघितलं. पंपाचं ओतीव कास्टिंग साच्यातून काढलं तर अंगभर खड्डे, वाळू चिकटलेली. ऋतुराज चिडत नाही, तेच जास्त वाईट. पुढच्या बुधवारपर्यंत बघतो म्हणाला, नाहीतर दुसरीकडून घेईल. घरी येऊन दोनदा साबण लावला. कानातून अजून काळं निघतंय.

गुरुवार, २५ जानेवारी

मल्लव्वाक्कांचं बरोबर होतं. लिहून ठेवते.

शनिवार, २७ जानेवारी

आजचं नीट लिहायला हवं. दुपारी लाइट गेली. मल्लव्वाक्कांनी जनरेटरमध्ये डिझेल ओतलं आणि तसेच तेलकट, काळे हात बादलीत धुतले. मग हाक मारली, "रक्षिता, हिकडं ये. काळं वर आलंया. वाळू खाली बसलीया."

खरंच! पाण्यावर चकचकीत काळी साय, तळाला पांढरट रेती. खाणींवर तेल आणि फेस घालून असंच धुतात, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. पण आठवलं मला? छे!

लगेच दोन ड्रम मांडले. पाणी, जराशी पावडर, डिझेलचे थेंब, साबणाचा फेस, ढवळणं. साय काढायला काकांनी घरून भजी तळायचा झारा आणला. काकूंना विचारलं का म्हटलं, तर म्हणाले, नवीन आणून देऊ. संध्याकाळपर्यंत तिघांची तोंडं ओळखू येईनात. इतकं हसलो की काकांना ठसका लागला.

सोमवार, २९ जानेवारी

वाळवून, जाळून बघितलं. राख आधीच्या निम्म्याहून कमी! चिनी मालाइतकी कमी नाही, पण जवळ. रात्रीपर्यंत नवं कोटिंग तयार.

बुधवार, ३१ जानेवारी

मल्लव्वाक्कांना शिरोलीला घेऊन गेलो. त्यांनी कधी फौंड्री बघितलीच नव्हती. रस ओतताना पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. साचा फोडला. ऋतुराजनं कास्टिंगवर हात फिरवला, फोरमनला बोलावलं, त्याचाही हात फिरवून घेतला. मग म्हणाला, चालू द्या.

परतताना टेम्पोत मल्लव्वाक्का मागे वळून फौंड्रीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वीस वर्सं चाळतीया. आज बघितलं कुटं जातंय ते."

शुक्रवार, २ फेब्रुवारी

बाळासोकाकांनी आज सांगितलं – शेड विकायचं दिवाळीतच ठरलं होतं. आम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती. काल संध्याकाळी घेणाऱ्या पावण्यांना नाही म्हणून कळवलं. मग मला म्हणाले, "भागीदार व्हतीस काय?"

मी म्हटलं, मल्लव्वाक्का असतील तर.

"तिला आधीच इचारलंय. ती म्हणली, रक्षिता असंल तर."