पुरळ कुठाय?

१४ ऑगस्ट १९६३, हॅम्बर्ग

श्यामकांत माझ्याच वॉर्डात. गेल्या गुरुवारी कलकत्त्याहून विमानानं आला — पीएच.डी.ला! मीच आणायला गेले होते — आणि सोमवारी तापानं फणफणला. डोळ्यांमागे ठणका, अंग ठेचून काढल्यासारखं. मी म्हटलं, डेंग्यू. कलकत्त्यात साथ आहे, हाडमोड्या ताप आपल्याला काही नवा नाही. प्रोफेसर हसले. "बरं मग, फ्राउ डॉक्टर, पुरळ कुठाय?"

त्यांच्या पुस्तकातले सगळे फोटो गोऱ्या खलाशांचे. गुलाबी पाठीवरचा लाल ठिपका कुणालाही दिसेल!

१५ ऑगस्ट

आज पुरळ उठलं. छातीवर तळहात फिरवला, खरखर लागली. खिडकीच्या तिरप्या उजेडात रंगही गडद दिसतो, दाबलं की फिका पडतो. प्रोफेसरांना बोलावलं. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि कागदावर लिहिलं — त्वचा : काही नाही. गाढवापुढे वाचली गीता! गाढव निदान जागेवर उभं तरी राहतं.

श्यामकांत म्हणतो, "जाऊ दे ना ताई, माझ्यापायी वाईटपणा नका घेऊ."

इंडियन स्टुडंट्सचं झेंडावंदन होतं. गेले नाही.

१६ ऑगस्ट

ताप उतरला. सगळे खूष. मी नाही. हात गार, नाडी बारीक. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, दाबून न जाणारे — म्हणजे कातडीखाली रक्त आलंय. सिस्टरला विचारलं, तोंडातून, नाकातून काही? "छे! फार स्वच्छ मुलगा आहे." त्यालाही विचारलं. त्यानं ओठ मिटूनच मान हलवली. मला प्रोफेसरांशी भांडायची घाई. लिहून टाकलं — तोंड : काही नाही.

१७ ऑगस्ट

शौचाला डांबरासारखं काळं झालं. तोंड उघडायला लावलं. हिरड्यांतून रक्त झिरपतंय, टाळूवर लाल ठिपके, दातांच्या फटींत साकळलेलं. उशाशी ठेवलेलं भांडं कोरडं ठणठणीत! कालपासून गिळत होता. "अरे, थुंकला का नाहीस?" — ओरडलेच मी. तो नुसता ओशाळला.

रक्त चढवतोय. आता प्रोफेसर टॉर्च घेऊन हजर!

१९ ऑगस्ट

गेला. दुपारी सव्वादोनला. चोवीस वर्षांचा होता.

प्रोफेसर म्हणाले, "तसल्या त्वचेवर दिसणं अवघडच." तसल्या! मुस्काटात मारावीशी वाटली. ह्या माणसानं त्याला मारलं. त्याच्या आईला मी असंच लिहिणार.

२२ ऑगस्ट

घरी पाठवायला त्याचं सामान बांधलं. कोटाच्या खिशात छोटी वही. पहिल्याच पानावर, विमानतळावरून येताना मी बसमध्ये सांगितलेलं सगळं, नंबर घालून. मला आठवतही नव्हतं. तिसरा नंबर — "मालिनीताई : इथे कुठ्ठेही थुंकायचं नाही. काही झालं तरी नाही. आपल्या लोकांची अब्रू जाते." खाली दोन रेघा मारल्यात.